वाचकांचे प्रश्न : बागेतले रंगीत कीटक, फिरते फिल्टर आणि हातातले भिंग

बागेतल्या कीटकांची छायाचित्रे घेण्यासंबंधी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे वेगवेगळी असली तरी तक्रार बहुतेकांची एकच आहे : डोळ्यांना जो रंग दिसतो तो चित्रात उतरत नाही, आणि तो उतरवण्यासाठी आणखी कोणती काच विकत घ्यावी, असा प्रश्न त्यापाठोपाठ येतो. आमचे मत असे की, काच घेण्याआधी तो रंग का हरवतो हे समजून घ्यावे. पुष्कळदा तो कीटकाच्या पाठीवरच्या चकाकीखाली झाकलेला असतो. सर्वांत जास्त जागा त्यामुळे पोलरायझरच्या, म्हणजे चकाकी अडवणाऱ्या फिरत्या फिल्टरच्या, प्रश्नाला दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे १८-५५ मिमी आणि ५५-२०० मिमी अशा दोन लेन्स आहेत. +१, +२, +४ आणि +१० अशा चार क्लोज-अप फिल्टरांचा संच मी घेतला. १८-५५ च्या पुढे चारही एकावर एक लावले की कीटक मोठा दिसतो, पण चित्र धुरकट येते आणि फुलपाखराच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांभोवती जांभळी किनार दिसते. संच सदोष आहे का?

उत्तर : संच सदोष नाही, त्याचा वापर चुकतो आहे. ज्यांना आपण फिल्टर म्हणतो ते खरे तर फिल्टर नव्हेत. लेन्सच्या तोंडावर आट्याने बसतात म्हणून दुकानदार त्यांना त्या खणात ठेवतात, एवढेच. ती साधी बहिर्गोल भिंगे आहेत आणि त्यांच्यावरचा आकडा म्हणजे डायॉप्टर, अर्थात चष्म्याच्या नंबरासारखीच शक्ती. १००० ला त्या आकड्याने भागले की भिंगाचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये मिळते : +२ चे ५००, +४ चे २५० आणि +१० चे १०० मिमी. कॅमेऱ्याची लेन्स अनंत अंतरावर फोकस केलेली असेल, तर कीटकही भिंगापासून तेवढ्याच अंतरावर असताना स्पष्ट दिसतो. वर्धन, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा कीटकाच्या किती पट, हे काढायचे असेल तर कॅमेऱ्याच्या लेन्सच्या नाभीय अंतराला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे.

आता आपल्याच दोन लेन्स या हिशेबात बसवून पाहा. ५५ मिमीवर +१० लावल्यास वर्धन ०.५५ मिळते, पण कीटक भिंगापासून जेमतेम १० सेंटीमीटरवर असावा लागतो. इतक्या जवळ कॅमेरा नेला की बहुतेक फुलपाखरे उडून जातात. तेच २०० मिमीवर नुसते +४ लावले तर वर्धन ०.८ मिळते आणि अंतर २५ सेंटीमीटर राहते. +२ लावले तर अंतर अर्धा मीटर आणि वर्धन ०.४. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २४ मिमी रुंद असेल. म्हणजे +२ ने ६ सेंटीमीटर रुंदीची चौकट भरते, जी मध्यम आकाराच्या फुलपाखराला पुरेशी आहे, आणि +४ ने ३ सेंटीमीटरची, जीत ७ मिमीचा ठिपकेदार ढालकिडा चौकटीच्या पाव रुंदीएवढा दिसतो. थोडक्यात, जी मोठी लेन्स आपण पिशवीतच ठेवून देता तीच बाहेर काढावी आणि संचातील कमी शक्तीची भिंगे तिच्यावर लावावीत.

चारही एकत्र लावल्यावर शक्ती +१७ होते आणि अंतर सहा सेंटीमीटरच्याही आत येते. शिवाय प्रकाशाला काचेचे आठ जादा पृष्ठभाग ओलांडावे लागतात; प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश परततो, इकडेतिकडे उसळतो आणि चित्रावर धुरकटपणा येतो. जांभळ्या किनारीचे कारण वेगळे आहे. एकाच काचेचे भिंग निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा अधिक वाकवते, त्यामुळे सर्व रंग एकाच प्रतलावर एकत्र येत नाहीत, आणि जिथे काळ्याला पांढरे भिडते तिथे हा दोष सर्वांत आधी दिसतो. दोन वेगळ्या प्रकारच्या काचा जोडून केलेल्या भिंगात हा दोष बराच निघून जातो; अशा भिंगांना अ‍ॅक्रोमॅट म्हणतात. कॅननची ५००डी (+२) आणि २५०डी (+४) ही याच प्रकारची भिंगे आहेत, मात्र याच आकड्यांचे कॅननचे कॅमेरेही असल्याने मागणी नोंदवताना घोटाळा होतो, हे लक्षात ठेवावे. रेनॉक्सचे डीसीआर-२५० हे +८ शक्तीचे असून ते आट्यांऐवजी चिमट्याच्या कड्याने बसते. दोन भिंगे एकत्र लावायचीच असतील तर अधिक शक्तीचे कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवावे आणि दोनाच्या पुढे जाऊ नये. या भिंगांमुळे प्रकाश कमी होत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. एक्स्टेन्शन ट्यूबबद्दल, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळीबद्दल, तसे म्हणता येत नाही.

प्रश्न : आमच्या बागेत हिरव्या-सोनेरी रंगाचे चकाकणारे भुंगेरे येतात. प्रत्यक्षात ते दागिन्यासारखे दिसतात, पण छायाचित्रात पाठीवर पांढरा डाग आणि बाकी भाग काळपट येतो. पोलरायझर लावल्यास रंग परत येईल, असे एकाने सांगितले. मी तो लावला, तर उलट भुंगेरा आणखीच काळा पडला. लाल ढालकिड्यावर मात्र परिणाम सुंदर आला. असे का व्हावे?

उत्तर : आपण नकळत एक चांगला प्रयोग केला आहे. त्याचे उत्तर कीटकांच्या अंगावर रंग कसा तयार होतो यात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ढालकिड्याचा तांबडा रंग रंगद्रव्याचा आहे. गाजराला रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये ज्या कुळातली, त्याच कुळातली द्रव्ये त्याच्या कठीण पंखांत असतात. प्रकाश पंखाच्या आत शिरतो, त्यातील निळा-हिरवा भाग शोषला जातो आणि उरलेला तांबडा प्रकाश आत विखरून बाहेर येतो. त्याच वेळी पंखाच्या गुळगुळीत वरच्या थरावरून थोडा प्रकाश आत न जाताच परावर्तित होतो. त्यात रंग नसतो, आभाळ किंवा सूर्य असतो. या दोन प्रकाशांत एक महत्त्वाचा फरक आहे. विखरून आलेला तांबडा प्रकाश सर्व दिशांनी कंप पावतो, तर पृष्ठभागावरून तिरका परतलेला प्रकाश बऱ्याच अंशी एकाच दिशेत कंप पावतो, म्हणजे ध्रुवित असतो. पोलरायझर फिरवून आपण त्या एका दिशेचा प्रकाश अडवतो. चकाकी जाते आणि तिच्याखालचा तांबडा उरतो. पानांचेही तसेच होते. पावसाने धुतलेले पान पोलरायझरमधून पाहिले तर त्याच्यावरची पांढुरकी साय कोणी पुसून काढावी तसा गडद हिरवा रंग वर येतो.

हिरव्या-सोनेरी भुंगेऱ्यात मात्र खरवडून काढता येईल असे हिरवे द्रव्यच नसते. त्याच्या पंखाच्या वरच्या भागात अतिशय पातळ थरांची चळत असते. प्रत्येक थराच्या सीमेवरून थोडा थोडा प्रकाश परततो, आणि थरांची जाडी अशी असते की हिरव्या लहरी एकमेकींत मिळून बलवान होतात, तर बाकीच्या एकमेकींना मारतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच तत्त्वाचे. तेव्हा या भुंगेऱ्याची चकाकी हाच त्याचा रंग आहे. ती तिरकी असेल तर तीही ध्रुवित असते, आणि ढालकिड्यावरची नको असलेली चकाकी काढणारा पोलरायझर इथे हवा असलेला रंगच काढून घेतो. कीटक कोणत्या जातीचा हे ओळखता आले नाही तरी चालेल. कॅमेरा थोडा वर-खाली, डावी-उजवीकडे नेऊन पाहावा. कोन बदलताच रंग हिरव्याचा निळा किंवा तांबूस होत असेल, तर तो रचनेचा रंग. तसाच राहत असेल, तर रंगद्रव्याचा.

मग अशा भुंगेऱ्यासाठी पोलरायझर निरुपयोगी समजावा काय? नाही. फक्त तो ‘लावायचा’ नसतो, फिरवायचा असतो. दृश्यदर्शकात डोळा ठेवून कडे हळूहळू एक चतुर्थांश फेरा फिरवावे. एका टोकाला पाठ पांढुरकी, दुसऱ्या टोकाला काळपट दिसते आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अशी जागा येते, की वरची कोरडी चकाकी बरीच गेलेली असते आणि थरांचा हिरवा अजून जिवंत असतो. ती जागा प्रत्येक कीटकाला आणि प्रत्येक कोनाला वेगळी असते, त्यामुळे तिचा आकडा देता येत नाही. पाठ घुमटासारखी असल्याने सगळ्या पाठीवर एकाच वेळी सारखा परिणाम होत नाही, हेही गृहीत धरावे. कीटकांच्या बाह्य कवचासारख्या पदार्थावर पोलरायझरचा जोर सर्वांत जास्त चालतो तो पृष्ठभागावरील लंबरेषेपासून सुमारे ५७ अंशांच्या कोनातून पाहताना. अगदी समोरून, सरळ वरून पाहिले तर चकाकी ध्रुवित नसतेच आणि कडे कितीही फिरवले तरी फरक पडत नाही. थरांच्या रंगाचा कीटक जर सरळ समोरून टिपला, तर पोलरायझर काढूनच ठेवावा, कारण तो एक ते दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण, प्रकाश खातो आणि हातात धरलेल्या कॅमेऱ्याला तेवढा प्रकाश सहज सोडता येत नाही.

आता तो पांढरा डाग. तो पोलरायझरने जाणार नाही. भुंगेऱ्याची पाठ हा एक लहान बहिर्गोल आरसा आहे आणि डाग हे त्यात पडलेले सूर्याचे किंवा फ्लॅशचे प्रतिबिंब आहे. प्रकाशाचा उगम लहान आणि तीव्र असेल तर डागही लहान आणि जळका येतो. उगम मोठा केला की प्रतिबिंब पसरते, मंद होते आणि त्यातून रंग दिसू लागतो. यासाठी ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरे कापड ताराच्या चौकटीवर ताणून घ्यावे आणि सूर्य व कीटक यांच्या मध्ये, कीटकापासून १०-१५ सेंटीमीटरवर धरावे. वहीच्या पानाएवढा तो तुकडा भुंगेऱ्याच्या दृष्टीने अर्धे आभाळ असतो. थरांच्या रंगांना असे मोठे, मऊ आभाळच हवे असते, कारण पाठीच्या प्रत्येक बिंदूला परावर्तित करण्यासाठी समोर काहीतरी उजळ लागते. जिथे समोर अंधार, तिथे पाठ काळी. आपल्या चित्रातील ‘बाकी भाग काळपट’ याचे कारण तेच आहे. खरे सांगायचे तर पोलरायझरवर जेवढी चर्चा होते तिच्या निम्मी जरी या कागदावर झाली असती, तरी बागेतले निम्मे कीटक सुधारले असते.

जाता जाता एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. काही चकाकणारे भुंगेरे जो प्रकाश परावर्तित करतात तो मळसूत्रासारखा डावीकडे वळत जाणारा, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित असतो. प्रकाशाच्या वेगाचे मापन करणारे भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन यांनी १९११ मध्ये हे नोंदवले. ज्या त्रिमिती चित्रपटांच्या चष्म्यांत वर्तुळाकार ध्रुवणाच्या काचा असतात, तसा चष्मा घरात पडून असेल तर एक डोळा मिटून आधी एका आणि मग दुसऱ्या काचेतून भुंगेऱ्याकडे पाहावे. असा भुंगेरा असेल तर एका काचेतून तो झळाळतो आणि दुसरीतून जवळजवळ विझतो. तीच काच कॅमेऱ्यासमोर धरून दोन्ही चित्रे घेता येतात.

प्रश्न : माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइल आहे आणि वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे १० पट वाढवणारे भिंग आहे. ते मोबाइलसमोर धरून चित्रे घेता येतील का? मी प्रयत्न केला तर कडेला काळे वर्तुळ येते आणि मध्येच चित्र एकदम बदलते.

उत्तर : घेता येतील, आणि उत्तम येतील. १० पट वाढवणाऱ्या भिंगाचे नाभीय अंतर २५ मिमी असते, म्हणजे कीटक भिंगापासून अडीच सेंटीमीटरवर हवा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यासमोर ते धरल्यास चौकटीत साधारण तीन-साडेतीन सेंटीमीटर रुंदीचा भाग मावतो. ५ पटीचे भिंग मिळाले तर अंतर ५ सेंटीमीटर होते. बागेत हिंडताना आम्ही तेच वापरतो, कारण अडीच सेंटीमीटरवर मोबाइलची स्वतःचीच सावली कीटकावर पडते.

चित्र एकदम बदलते ते भिंगामुळे नव्हे. मोबाइलला तीन-चार कॅमेरे असतील, तर जवळची वस्तू समोर येताच तो आपणहून रुंद कोनाच्या कॅमेऱ्याकडे जातो, आणि आपले भिंग तर दुसऱ्याच कॅमेऱ्यासमोर असते. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप मॅक्रो होण्याची सोय बंद करावी. काळे वर्तुळ भिंग आणि कॅमेरा यांच्यातील फटीमुळे येते. भिंग मोबाइलच्या काचेला जवळजवळ टेकले पाहिजे आणि केंद्र केंद्राशी जुळले पाहिजे. मधल्या एक-दोन मिलिमीटरनेही फरक पडतो. जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात भिंग घट्ट बसवावे आणि तो पुठ्ठा दुहेरी चिकटपट्टीने मोबाइलच्या कव्हरवर लावावा, मूळ मोबाइलवर नव्हे. तरीही कोपरे काळवंडत असतील तर दीड पट झूम करून ते चौकटीबाहेर घालवावेत.

यानंतरची पद्धत सोपी आहे. डाव्या हाताची करंगळी फांदीला किंवा देठाला टेकवावी, मोबाइलची कड त्याच हाताच्या अंगठ्यावर ठेवावी आणि पडद्यावर बोट लावून फोकस शोधण्याऐवजी हाताचा तळवा किंचित पुढे-मागे झुकवावा. कीटकाचा डोळा तीक्ष्ण होताच आवाजाच्या बटणाने चित्र घ्यावे, कारण पडद्याला स्पर्श केला की मोबाइल हलतो. भिंग उन्हात वाळक्या पानांवर ठेवून जाऊ नये आणि त्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये. हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

प्रश्न : कीटकांना अतिनील प्रकाश दिसतो असे वाचले. माझ्या लेन्सवर यूव्ही फिल्टर आहे. तो काढल्यास फुलांवरच्या आणि पंखांवरच्या त्या अदृश्य खुणा चित्रात येतील का?

उत्तर : येणार नाहीत. यूव्ही फिल्टर अतिनील प्रकाश अडवतो हे खरे, पण डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच तो अडवणारी काच बसवलेली असते आणि सामान्य लेन्सची काचही त्यातील बराच भाग शोषते. मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी प्रयोगाने दाखवले आणि पुढे १९७३ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले; मधमाशीला अतिनील दिसते आणि तांबडा रंग म्हणून दिसत नाही, हेही आज पक्के ठाऊक आहे. त्या खुणा टिपण्यासाठी सेन्सरवरची काच काढून घेतलेला कॅमेरा आणि फक्त अतिनील जाऊ देणारा फिल्टर लागतो, आणि तो उद्योग हौसेच्या पहिल्या वर्षी करण्यासारखा नाही. आपला यूव्ही फिल्टर केवळ लेन्सला धुळीपासून वाचवतो. क्लोज-अप भिंग किंवा पोलरायझर लावताना मात्र तो काढावा. उगाच दोन जादा पृष्ठभाग कशाला?

प्रश्न : फुलपाखराचा डोळा तीक्ष्ण आला तर पंख अस्पष्ट येतात, पंख आले तर डोळा जातो. छिद्र एफ/२२ पर्यंत लहान केले तर सगळेच मवाळ दिसते. तिपाई बागेत घेऊन फिरणे जमत नाही. हातात धरून काही इलाज आहे का?

उत्तर : पहिला इलाज गणिताचा आहे. +२ भिंग आणि ०.४ वर्धन असताना एफ/११ वर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढ्या अंतरातले सारे तीक्ष्ण येते ते अंतर, पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास असते. वर्धन दुप्पट, म्हणजे ०.८ केले की ती चौपट कमी होऊन पाऊण मिलिमीटरच्याही खाली येते. म्हणून कीटक चौकटीत खच्चून भरण्याचा हट्ट सोडून तो थोडा लहान घ्यावा आणि नंतर कातरावा. एफ/२२ वर जे मवाळ दिसते ते विवर्तनामुळे : छिद्र फार लहान झाले की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो, आणि मग सर्व काही सारखेच अस्पष्ट होते. एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान राहावे, फार तर एफ/१६.

दुसरा इलाज कोनाचा, आणि तो फुकट आहे. पंख मिटून बसलेले फुलपाखरू हे एक सपाट पान आहे असे समजावे आणि कॅमेऱ्याची पाठ त्या पानाला समांतर आणावी. डोळा, पंखाचे मूळ आणि पंखाचे टोक तिन्ही एकाच प्रतलात आले, तर पावणेतीन मिलिमीटरही पुरतात. यासाठी बहुधा एक पाऊल बाजूला सरकून गुडघ्यावर बसावे लागते. उभ्याने, वरून घेतलेल्या चित्रात हे कधीच जमत नाही.

फोकसचे कडे एकदा ठरवून सोडून द्यावे आणि संपूर्ण शरीर पायाच्या टाचेवरून चवड्यावर असे अगदी हलके झुलवावे. डोळा स्पष्टतेच्या पट्ट्यात शिरण्याच्या क्षणी सलग तीन-चार चित्रे घ्यावीत. कोपर गुडघ्यावर किंवा बरगडीला टेकलेले असावे. आम्ही एक साधी काठी बाळगतो. डाव्या हातात काठी जमिनीत रोवून धरायची आणि त्याच मुठीवर लेन्स ठेवायची. कीटक ज्या देठावर बसला आहे तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी हळूच पकडून मनगटावर लेन्स टेकवता आली, तर सर्वांत चांगले, कारण मग वाऱ्याने देठ आणि कॅमेरा एकत्रच हलतात. बसलेल्या कीटकासाठी शटर १/२५० सेकंदाहून संथ ठेवू नये, चतुर उडत असेल तर १/२००० लागते. फ्लॅश कमी शक्तीवर आणि पसरवून वापरला तर त्याचा लखलखाट १/१००० सेकंदाहूनही लहान असतो आणि तोच शटरचे काम करतो.

प्रश्न : कीटक स्थिर राहावेत म्हणून त्यांना काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून मग फुलावर सोडावे, असा सल्ला मिळाला. दुसऱ्या एकाने मेलेले कीटक वापरावेत असे सुचवले. आपले मत काय?

उत्तर : दोन्ही करू नये. गारठलेला कीटक पाय पोटाशी ओढतो, शिंगे खाली टाकतो, आणि फुलावर तो बसलेला नसून ठेवलेला आहे हे जाणकाराला चटकन कळते. काही त्यातून उठतही नाहीत. मेलेल्या कीटकाचे रंग तर आपल्या विषयालाच सुरुंग लावतात. चतुर आणि त्याचा सडपातळ भाईबंद असलेला टाचणी हा कीटक मेल्यावर त्यांचे निळे-तांबडे रंग मळकट होत जातात. सोनेरी कासवासारखा दिसणारा एक लहान भुंगेरा आहे, त्याचे सोने थरांतल्या ओलाव्यावर अवलंबून असल्याने शरीर सुकताच तपकिरी होते. उलट कोरड्या, कठीण थरांचे रंग इतके टिकतात की जर्मनीतील मेसेल येथे सापडलेल्या सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या भुंगेऱ्यांच्या जीवाश्मांवर आजही धातूची झळाळी आहे. पण तो अपवाद पाहून फसू नये.

स्थिर कीटक हवा असेल तर निसर्गाचाच फ्रिज वापरावा. कीटकांचे शरीर भोवतालच्या तापमानावर चालते, म्हणून उजाडल्यापासून ऊन अंगावर येईपर्यंतचा वेळ आपला. आदल्या संध्याकाळी कोणत्या देठावर कोण झोपले आहे हे पाहून ठेवावे. सकाळी ते तिथेच, कधी कधी दंवाचे थेंब अंगावर घेऊन सापडते. दिवसा चतुर उडाला तरी त्याच्या मागे धावू नये. अनेक चतुर पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. काडीवर फोकस करून गुडघ्यावर थांबावे. जवळ जाताना आपली सावली पुढे जाऊ देऊ नये आणि सरळ रेषेत हळू जावे, आडवी हालचाल त्यांना लगेच दिसते. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर तो धुऊन टाकण्याआधी दोन दिवस थांबावे. त्याला खायला ढालकिडे येतात, आणि त्यांची करडी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी, जिला अनोळखी कीड समजून पुष्कळ जण चिरडतात, ती चित्रासाठी मोठ्यांपेक्षाही देखणी असते.

प्रश्न : झाडाखाली घेतलेल्या सर्व चित्रांवर हिरवट झाक येते, पांढरे फुलपाखरूही पोपटी दिसते. यासाठी गुलाबी किंवा उबदार रंगाचा फिल्टर मिळतो का?

उत्तर : मिळतो, पण घेऊ नये. फिल्मच्या काळात तो आवश्यक होता. आता तेच काम कॅमेऱ्यातील व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा अशी रंगांची जुळवणी, प्रकाश न गमावता करतो. पानांतून गाळून आलेला प्रकाश खरोखरच हिरवा असतो, आपला मेंदू तो वजा करतो आणि कॅमेरा करत नाही. कीटक उडण्याची भीती असल्याने आधी त्याचे चित्र घ्यावे आणि मग, तो गेल्यावर, त्याच पानावर करड्या रंगाचे कार्ड ठेवून एक चित्र घ्यावे. चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ स्वरूपात असतील तर घरी त्या कार्डावर एकदा क्लिक करून सगळी एकदम दुरुस्त होतात. पोलरायझर लावलेला असेल तर कार्डाचे चित्रही तो लावूनच आणि कडे त्याच जागी ठेवून घ्यावे, कारण काही पोलरायझर स्वतःचीही किंचित झाक देतात. मात्र दुरुस्ती करताना थोडा हिरवा राहू द्यावा. सावलीतले पांढरे फुलपाखरू कागदासारखे शुभ्र केले, तर ते त्या पानावर बसलेले वाटत नाही.